बंधुमंडळे आणि महाराष्ट्रातील समाजसुधारक

बंधुमंडळे आणि महाराष्ट्रातील समाजसुधारक : शपथ, दीक्षाविधी व गुप्तता यांच्या योगे परस्परांशी बांधल्या गेलेल्या आणि सभासदांस एकमेकांचे बंधू मानणाऱ्या संघटनांना बंधुमंडळे म्हणतात. यूरोपातील फ्रीमेसन संप्रदाय हा त्यांचा सर्वपरिचित नमुना होय. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास महाराष्ट्रातील पहिल्या पिढीच्या सुधारकांना अशा संघटनेचे विशेष आकर्षण वाटले. मुंबईची परमहंस सभा (स्थापना १८४९) हे त्याचे ठळक उदाहरण होय. या आकर्षणास पुष्कळदा गूढतेची हौस किंवा भित्रेपणा असे म्हटले जाते. परंतु त्याचे खरे कारण जातिबहिष्काराच्या स्वरूपात शोधावे लागते.

बहिष्कृत मनुष्यास कोणी मारीत नसे की त्याचे घर जाळीत नसे. त्याच्या पंक्तीस कोणी बसत नसे, त्याच्या मुलीस स्थळ मिळत नसे, घरी भटजी येत नसे आणि मृत्यूनंतर खांदा देण्यास माणसे जमत नसत. शिवाय त्याच्याशी व्यवहार ठेवणाराही दोषी ठरे. त्यामुळे एकाच्या आचरणाचा दंड भाऊ, बहिणी व चुलते यांनाही भोगावा लागे. १८४३ मध्ये मुंबईत श्रीपत शेषाद्री या ब्राह्मण मुलाचे प्रकरण गाजले. मिशनऱ्यांच्या घरी राहिलेल्या या मुलास न्यायालयाने पित्याच्या स्वाधीन केले. त्यास प्रायश्चित्त देऊन जातीत परत घ्यावे, असा पक्ष बाळशास्त्री जांभेकरांसारख्या विद्वानाने घेतला, तरीही सनातनी मंडळींनी प्रखर विरोध केला. बाळशास्त्र्यांची ही गत, तर सामान्य शिक्षकाची वा कारकुनाची काय होणार, हे इंग्रजी शाळांतील तरुणांनी डोळ्यांनी पाहिले. १८५० च्या एकविसाव्या कायद्याने जात गमावलेल्याचा वारसाहक्क सुरक्षित केला. परंतु सोयरीक किंवा खांदेकरी मिळवून देणे कोणत्याही कायद्याच्या आवाक्याबाहेरचे होते.

या परिस्थितीत एकट्याने जातिबंधन तोडणे म्हणजे निराधार होणे. ते तोडायचे तर तोडणाऱ्यांचाच एक नवा गोत उभा करणे आवश्यक होते, आणि तो पुरेसा मोठा होईपर्यंत झाकून ठेवणे भाग होते. सुरतेस शिक्षक म्हणून असताना व्याकरणकार दादोबा पांडुरंग तर्खडकर (१८१४–८२) यांनी दुर्गाराम मेहताजी प्रभृतींच्या सहकार्याने १८४४ मध्ये मानवधर्म सभा काढली. तिच्या चर्चा उघड चालत व त्यांत मांत्रिकांनाही आव्हान दिले जाई. पुढे दादोबा मुंबईस आल्यावर जी परमहंस सभा निघाली, ती मात्र गुप्त होती. राम बाळकृष्ण जयकर हे तिचे अध्यक्ष होते. दादोबा सरकारी नोकर असल्याने पडद्याआडून मार्गदर्शन करीत. याच सुमारास एल्फिन्स्टन संस्थेच्या विद्यार्थ्यांनी ज्ञानप्रसारासाठी उघड सभाही काढल्या होत्या (१८४८). त्यांत विज्ञान, इतिहास, स्त्रीशिक्षण यांवर निबंध वाचले जात, पण धर्म आणि राजकारण हे विषय वर्ज्य असत. उघड सभेत जे बोलता येत नव्हते, ते बंद दाराआड करून पाहिले जात होते.

परमहंस सभेची मते दोन वाक्यांत सांगता येतात : ईश्वर एकच असून तो निराकार आहे; आणि मनुष्यमात्र एका जातीचे आहे. बैठकीच्या आरंभी व अखेरीस दादोबांनी रचलेल्या प्रार्थना म्हणत. मतांपेक्षा अधिक लक्षणीय होता तो प्रवेशविधी. नव्या सभासदास जातिभेद न मानण्याची प्रतिज्ञा करावी लागे आणि ख्रिस्ती भटाऱ्याने भाजलेला पाव खाऊन व परजातीच्या हातचे पाणी पिऊन ती सिद्ध करावी लागे. आज हा विधी काहीसा बालिश वाटेल. तत्कालीन समाजात मात्र ‘मी जातिभेद मानत नाही’ असे म्हणण्यास काही मोल पडत नसे. जात जिभेवरच्या शब्दांत नव्हती, घशाखाली उतरणाऱ्या घासात होती. त्या एका घासाने मनुष्य आपल्या जातीच्या दृष्टीने भ्रष्ट होई. साक्षीदारही तसेच भ्रष्ट असल्याने प्रत्येकाची अब्रू दुसऱ्याच्या हाती राही. शपथेपेक्षा ही परस्पर ओलीस-अवस्था सभेला अधिक घट्ट बांधीत होती.

सभेचे नावही अर्थपूर्ण आहे. परमहंस म्हणजे वर्णाश्रमाचे नियम गळून पडलेला श्रेष्ठ संन्यासी. संन्याशाला परंपरेने दिलेली ही मोकळीक गृहस्थांनी संसारात राहूनच घ्यावी, असा या नावाचा रोख दिसतो. उत्सवापुरता वारकऱ्यांचा काला किंवा विधीपुरते शाक्तांचे चक्र यांत जातिभेद बाजूस ठेवण्याची प्रथा होतीच. तेव्हा बंद मंडळातील समता ही कल्पना येथे सर्वस्वी परकी नव्हती. विधी संपल्यावरही ती टिकावी, हा आग्रह नवा होता.

फ्रीमेसन मंडळांचे दार तेव्हा हिंदूंना बंद होते. मुंबईचे पारशी सुधारक माणेकजी कर्सेटजी यांना येथील यूरोपीय मंडळाने नाकारल्यावर त्यांनी पॅरिसमध्ये दीक्षा घेतली. त्यानंतर जेम्स बर्न्स यांच्या पुढाकाराने १८४३ मध्ये ‘रायझिंग स्टार ऑफ वेस्टर्न इंडिया’ हे एतद्देशीयांना खुले असलेले मंडळ निघाले. प्राच्यविद्यापंडित खरशेदजी रुस्तमजी कामा १८५४ मध्ये त्यात आले. हिंदू अनेकदेवपूजक आहेत, सबब त्यांना एकेश्वराची शपथ कशी द्यावी, या वादात मात्र दीर्घकाळ गेला व १८७२ मध्ये कलकत्त्यास प्रसन्नकुमार दत्त यांच्या प्रवेशाने तो मिटला. राज्यकर्त्याच्या शेजारी ‘बंधू’ म्हणून बसावयास मिळणे, हे या मंडळांचे मुख्य आकर्षण होते. फिलिपीन्समधील सुधारकांच्या बाबतीत त्याला आणखी एक धार होती. तेथे स्पॅनिश धर्मसंघांची सत्ता हेच गाऱ्हाणे असल्याने चर्चने निषिद्ध ठरविलेला फ्रीमेसन संप्रदाय त्यांना जवळचा वाटला; १८८९ मध्ये बार्सेलोनात व १८९२ मध्ये मानिलात त्यांची मंडळे निघाली आणि १८९२ मध्येच स्थापन झालेल्या कातिपुनान या क्रांतिकारी संघटनेने शपथ व दीक्षा यांचा तोच साचा उचलला. परमहंस सभेचा प्रतिपक्ष सरकार किंवा धर्मपीठ नसून सभासदांचेच घर व आळी होती. त्यामुळे तिची कोंडी अधिक अवघड होती.

गुप्ततेची किंमतही पडली. बाहेर जानवे व सोवळे, आत पाव, असे दुहेरी वर्तन सभासदांस करावे लागे. काही काळ सभेत असलेले बाबा पदमनजी यांना ते असह्य झाले. १८५४ मध्ये ते ख्रिस्ती झाले आणि पुढे अरुणोदय (१८८८) या आत्मचरित्रात त्यांनी सभेच्या आठवणी लिहिल्या. सभा शिक्षित पुरुषांची होती, जात मात्र स्वयंपाकघरात राखली जाई. हे वैगुण्य गुप्ततेहूनही मोठे म्हणावे लागेल. १८६० मध्ये सभेची कागदपत्रे चोरीस जाऊन सभासदांची नावे फुटली आणि सभा अल्पावधीत विस्कळित झाली. परस्परांना बांधणारी यादीच अखेर घातक ठरली.

तिच्या सभासदांनी कार्य सोडले नाही. तुकाराम तात्या पडवळ यांनी १८६१ मध्ये ‘एक हिंदू’ या नावाने जातिभेद विवेकसार लिहिले, तर दादोबांचे १८४३ मधील धर्मविवेचन १८६८ मध्ये ‘एक जगद्वासी आर्य’ या नावाने छापले गेले. सभा मोडली तरी पडदा राहिला. दादोबांचे बंधू आत्माराम पांडुरंग प्रभृतींनी १८६७ मध्ये स्थापन केलेला प्रार्थनासमाज मात्र पूर्णपणे उघड होता, पण त्याने जातित्यागाची अट घातली नाही. उघडपणा आणि अट या दोन्ही गोष्टी एकत्र साधणे त्या पिढीस शक्य झाले नाही. जोतीराव फुले यांनी १८७३ मध्ये स्थापिलेल्या सत्यशोधक समाजाने वेगळी वाट धरली. त्याने भटजीवाचून विवाह लावून बहिष्काराचे एक शस्त्रच बोथट केले.

बहिष्काराची धार पुढेही कायम होती. १८९० मध्ये पुण्यातील पंचहौद मिशनमध्ये चहा घेतल्यावरून न्यायमूर्ती रानडे, टिळक इत्यादींवर ग्रामण्य झाले. उपस्थितांची यादी गोपाळराव जोशी यांनी वर्तमानपत्रात प्रसिद्ध करविली होती. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले आणि १८९२ मध्ये रानड्यांनी प्रायश्चित्त घेतले.