बातमी देणाऱ्याचे नाव

पनवेल तालुक्यातील बेलपाडा हे गाव आज खारघरच्या वस्तीत इतके मिसळून गेले आहे, की मेट्रोच्या स्थानकावरील पाटी नसती तर परक्याला त्याचे वेगळे अस्तित्व जाणवलेही नसते. या गावातील एका वयोवृद्ध गृहस्थांशी बोलताना एकदा जानेवारी 1984 चा विषय निघाला. नवी मुंबईसाठी घेतलेल्या जमिनींच्या प्रश्नावर दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली झालेल्या आंदोलनात 16 व 17 जानेवारीस उरण तालुक्यात पोलिसांचा गोळीबार झाला आणि पाच जण मृत्युमुखी पडले. "वार्ता माणसांच्या तोंडून केव्हाच आली होती," ते म्हणाले, "तरी आम्ही रेडिओ लावून बसलो. खरे काय ते कोणी तरी सांगायला हवे होते ना!"

हे 'कोणी तरी' म्हणजे कोण, याचा विचार त्या दिवशी प्रथमच गांभीर्याने मनात आला. डॉ. विश्वास मेहेंदळे यांची आठवण त्याच ओघात झाली. मुंबई दूरदर्शनचे पहिले वृत्तनिवेदक म्हणून महाराष्ट्र त्यांना ओळखत होता. दिल्लीत 15 सप्टेंबर 1959 रोजी सुरू झालेले हे माध्यम मुंबईस पोहोचायला तेरा वर्षे लागली. 2 ऑक्टोबर 1972 रोजी वरळीचे केंद्र सुरू झाले आणि आजवर केवळ ऐकू येणाऱ्या बातमीला मराठीत चेहरा मिळाला. आकाशवाणी आणि दूरदर्शन या दोन्ही माध्यमांत मेहेंदळे वावरले. जानेवारी 2023 मध्ये ते निवर्तले. त्यापूर्वी थोड्याच महिन्यांनी, 7 जून 2022 रोजी, प्रदीप भिडे गेले होते. भक्ती बर्वे, स्मिता पाटील, अनंत भावे यांच्यासह ज्या मंडळींनी मराठी बातमीचा उच्चार घडविला, त्या पिढीतील दोन मोठे आवाज असे पाठोपाठ शांत झाले.

वृत्तनिवेदन म्हणजे दुसऱ्याने लिहिलेले मोठ्याने वाचणे, असा एक समज आहे. तो अर्धाच खरा आहे. वर्तमानपत्राचा वाचक न कळलेले वाक्य पुन्हा वाचू शकतो. श्रोत्याला ती सवलत नाही. 'उपरोक्त' हा शब्द छापील मजकुरात खपून जातो, परंतु हवेत विरून गेलेल्या वाक्याला 'वर' कोठून असणार? वाक्य कोठे तोडावे, आकडा किती सावकाश सांगावा, मृत्यूची वार्ता संपवून खेळांकडे वळताना किती क्षण थांबावे, हे सर्व निवेदकालाच ठरवावे लागते. पुण्याहून सुधा नरवणे प्रादेशिक बातम्या देत, तेव्हा त्या वाचीत आहेत असे वाटतच नसे.

आणि या निवेदनाला एक रीत होती. बातम्या सांगण्यापूर्वी निवेदक स्वतःचे नाव सांगे. मजकूर त्याचा नव्हता, पण नाव मात्र त्याचे होते. एरवी या गोष्टीकडे कोणी लक्ष देऊ नये. परंतु जून 1975 नंतर तिला निराळाच अर्थ आला. 25 जूनच्या रात्री दिल्लीत वृत्तपत्रांच्या छापखान्यांची वीज तोडण्यात आली, आणि 26 च्या सकाळी आणीबाणीची घोषणा देशाने ऐकली ती आकाशवाणीवरून. काही वृत्तपत्रांनी अग्रलेखाची जागा कोरी सोडून आपला निषेध नोंदविला. बातमीपत्रात कोरी जागा कशी सोडणार? ध्वनिक्षेपकासमोरच्या माणसाचे मौन हे निषेध ठरत नाही. तांत्रिक बिघाड ठरते. त्या एकवीस महिन्यांत स्वतःचे नाव सांगून नियंत्रित मजकूर वाचणाऱ्यांची कोंडी आपल्या माध्यमांच्या इतिहासात फारशी लिहिली गेलेली नाही. त्यांना शूर म्हणण्याचे कारण नाही, परंतु त्यांना दोषी ठरविणेही प्रस्तुत लेखकास अन्यायाचे वाटते. दोष असलाच तर तो व्यवस्थेचा होता. चंदा समितीने 1966 मध्येच आकाशवाणी व दूरचित्रवाणी सरकारी खात्यापासून अलग करण्याची शिफारस केली होती, वर्गीज समितीने 1978 मध्ये स्वायत्त न्यासाची कल्पना मांडली, कायदा 1990 मध्ये झाला आणि प्रसारभारती प्रत्यक्षात आली ती 1997 मध्ये! एका शिफारशीला एकतीस वर्षे.

या विलंबाची किंमत 31 ऑक्टोबर 1984 रोजी दिसली. इंदिरा गांधींवर सकाळी गोळ्या झाडल्या गेल्या. बीबीसीने त्यांच्या मृत्यूची वार्ता दुपारीच दिली. आकाशवाणीने ती सांगितली संध्याकाळी. मधल्या काळात ज्यांनी बीबीसी ऐकली होती, तेही आकाशवाणी लावून थांबले होते. बेलपाड्यात त्याच वर्षीच्या जानेवारीत जे घडले, तेच देशभर घडले. इतका विश्वास ज्या आवाजावर होता, त्याला बोलण्यासाठी अनुमतीची वाट पाहावी लागत होती.

मेहेंदळे यांच्या कारकिर्दीत म्हणूनच मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो तो त्यांचा 'वाद-संवाद' हा कार्यक्रम. तेथे समोर कागद नव्हता, माणूस होता. दिलेले वाचणारा निवेदक तेथे विचारणारा झाला. सरकारी माध्यमाच्या चौकटीत हे विचारणे फार पुढे जाऊ शकत नसे, हे मान्य. तरीही प्रश्न हा निवेदकाचा स्वतःचा मजकूर असतो. राज्याच्या मुख्यमंत्र्यांविषयीचे 'यशवंतराव ते विलासराव' हे त्यांचे पुस्तकही याच कुतूहलातून आलेले दिसते. ज्यांची नावे बातम्यांत वर्षानुवर्षे येत राहिली, ती माणसे होती तरी कशी, हे त्यांना सांगावेसे वाटले. पुढे पुण्यात सिम्बायोसिसच्या जनसंज्ञापन संस्थेची धुरा त्यांनी वाहिली. मराठीत चोवीस तास बातम्या देणाऱ्या वाहिन्या 2007 मध्ये आल्या, तेव्हा 'वाद' उदंड झाला. जोडशब्दातील दुसरे पद मात्र शोधावे लागते.

बेलपाड्याच्या त्या गृहस्थांच्या नातवाकडे आता भ्रमणध्वनी आहे. कोठे काही झाले, की दहा मिनिटांत त्यावर वार्ता येते, चित्रासह, आणि बहुधा पाठविणाऱ्याच्या नावाशिवाय. नातू ती आजोबांना वाचून दाखवतो. सगळे ऐकून घेतल्यावर आजोबा विचारतात, "हे सांगतोय कोण?"