इनामगावच्या कवट्यांवरून नातं शोधता येतं, जात नाही

विहीर खोदताना किंवा पांढरीची माती काढताना कवटी निघाली, की गावात पहिला प्रश्न येतो, "कुणाची असेल?" शिरूर तालुक्यात घोड नदीकाठी इनामगावला पुण्याच्या डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात उत्खनन केलं. इसवी सनापूर्वी साधारण १६०० ते ७०० या काळातली ही शेतकऱ्यांची वस्ती. इथे दोनशेहून जास्त दफनं सापडली, बरीचशी घरातल्या जमिनीखालीच. लहान मूल दोन मडक्यांत, मडक्यांची तोंडं एकमेकांना लावलेली. मोठी माणसं खड्ड्यात, आणि त्यांचे पाय बहुधा घोट्याखाली तोडलेले. मेलेला माणूस परत चालत येऊ नये म्हणून, असा एक अंदाज.

कवटीची लांबी भुवयांच्या मधून मागच्या टोकापर्यंत घेतात, रुंदी सगळ्यात फुगीर भागात. लांबी १८० मिलिमीटर आणि रुंदी १३० असेल, तर शंभराला ७२ पडले. ७५ च्या आत लांबट डोकं, ८० च्या वर रुंद. अशी कितीतरी मापं घेऊन दोन ठिकाणच्या कवट्या ताडून बघतात. मापं जुळली तर ते लोक एकमेकांच्या जवळचे असण्याची शक्यता वाढते. पण एका कवटीवरून काहीच ठरत नाही. सख्ख्या भावांची डोकी तरी कुठं सारखी असतात!

इनामगावात बहुतेक दफनं मुलांची. अर्धवट वाढलेल्या कवटीची मापं मोठ्यांशी ताडता येत नाहीत. त्यामुळे दातांना महत्त्व आलं. जॉन लुकाक्स आणि सुभाष वाळिंबे यांनी इथल्या सांगाड्यांचा अभ्यास केला. दात झिजतो, किडतो, पण एकदा तयार झाला की वाढत नाही. शिवाय शेती आली, अन्न मऊ झालं, की पिढ्यानपिढ्या जबडा आणि दात लहान होत जातात. म्हणजे चेहरेपट्टी बदलली म्हणून बाहेरून नवे लोक आलेच, असं म्हणता येत नाही.

१९०१ च्या जनगणनेचे आयुक्त हर्बर्ट रिस्ले यांनी तर नाकाच्या मापावरून जातींची उतरंड लावली होती. शास्त्राने ती कधीच मोडीत काढली, गावगप्पांतून मात्र ती अजून जात नाही.

मग सरळ डीएनएच का तपासत नाहीत? आपल्याकडच्या उष्णतेत तो टिकत नाही. हरियाणातल्या राखीगढीत ६१ नमुने तपासले, त्यातून एकाच बाईचा कामापुरता डीएनए मिळाला. तो निष्कर्ष २०१९ मध्ये छापून आला.

कवटी जागेवरून हलवली की सोबतचं मडकं, मातीचा थर, डोक्याची दिशा सगळं जातं आणि काळ ठरवणं अवघड होतं. म्हणून हात न लावता पोलीस पाटील किंवा तलाठ्याला कळवायचं. ती कालची की तीन हजार वर्षांपूर्वीची, हे आधी बघावंच लागतं.