मूल सज्ञान झाले. पोटगीचे पुढे काय?

दिवाळीच्या सुमारास बीड जिल्ह्याच्या धारूर, केज, वडवणी, पाटोदा, शिरूर कासार आदी तालुक्यांतून ऊसतोड कामगारांच्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्र व कर्नाटकातील साखर कारखान्यांकडे निघतात. मुकादमाच्या हिशेबात पती-पत्नीची जोडी म्हणजे एक ‘कोयता’ आणि उचलही त्या जोडीवरच मिळते. पती-पत्नी विभक्त झाले की स्त्रीचा संसार तर मोडतोच, शिवाय तिच्या मजुरीचा आधारही डळमळीत होतो. मुलांना घेऊन माहेरी राहणाऱ्या अशा स्त्रीला न्यायालयाने मंजूर केलेली पोटगी हे जगण्याचे एक मुख्य साधन ठरते.

मुलाला अठरावे वर्ष पूर्ण होताच ‘आता पोटगी संपली’ असे सांगून वडील रक्कम बंद करतात आणि गावही ते मान्य करते. हा समज अर्धाच खरा आहे. बहुधा याच सुमारास बारावीची परीक्षा आलेली असते. मुलीच्या बाबतीत तर विवाहाचे कायदेशीर किमान वयही तेच आहे. पैसा बंद झाला की मुलीचे शिक्षण थांबते व तिचे लग्न उरकण्याची घाई सुरू होते. म्हणूनच या प्रश्नाची नेमकी माहिती ग्रामसेवक, शिक्षक व पंचायत सदस्य यांना असणे अगत्याचे आहे.

कायद्याची चौकट

१ एप्रिल १९७४ पासून अंमलात आलेल्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १२५ अन्वये पत्नी, मुले व आईवडील यांना निर्वाहखर्च मागता येत असे. १ जुलै २०२४ पासून त्या संहितेची जागा भारतीय नागरिक सुरक्षा संहितेने घेतली असून ही तरतूद आता कलम १४४ मध्ये आहे. स्वतःचा निर्वाह करू न शकणाऱ्या अज्ञान मुलास, मग ते औरस असो वा अनौरस, या कलमाखाली हक्क मिळतो. वयाची १८ वर्षे पूर्ण झाली की मूल सज्ञान होते व सर्वसाधारणपणे त्याचा या कलमाखालील हक्क संपतो. धडधाकट मुलगा महाविद्यालयात शिकत आहे, एवढ्याच कारणाने हे कलम त्याला पुढे पोटगी देत नाही. तथापि, घटस्फोटाच्या वेळी न्यायालयात झालेल्या तडजोडीत शिक्षण पूर्ण होईपर्यंत खर्च देण्याची अट मान्य केली असेल, तर ती पाळावी लागते.

हक्क कोठे संपत नाही

पहिला अपवाद अपंग मुलांचा. शारीरिक अथवा मानसिक व्यंगामुळे किंवा इजेमुळे जे मूल स्वतःचा निर्वाह करू शकत नाही, त्याचा हक्क सज्ञान झाल्यावरही याच कलमाखाली चालू राहतो. विवाहित मुलीस मात्र हा अपवाद लागू नाही. अशा प्रकरणात अपंगत्वाचे प्रमाणपत्र उपयोगी पडते. परंतु ते मूल कमावण्यास असमर्थ आहे, हेही न्यायालयापुढे दाखवावे लागते.

दुसरा अपवाद अविवाहित मुलीचा. हिंदू दत्तक व निर्वाह अधिनियम, १९५६ च्या कलम २० अन्वये, जी अविवाहित मुलगी स्वतःच्या मिळकतीतून निर्वाह करू शकत नाही, तिच्या पालनाचे दायित्व सज्ञान झाल्यावरही आईवडिलांवर राहते. हा अधिनियम बौद्ध, जैन व शीख कुटुंबांनाही लागू आहे. सर्वोच्च न्यायालयाने १५ सप्टेंबर २०२० च्या निर्णयात हा हक्क मान्य केला. मात्र तो न्यायदंडाधिकाऱ्यांपुढील संक्षिप्त कार्यवाहीत नव्हे, तर १९५६ च्या अधिनियमाखाली स्वतंत्र दावा करून मागावा, असे त्यात स्पष्ट केले. मुस्लिम कुटुंबांतील मुलांचा कलम १२५ खालील हक्क आईवडिलांच्या घटस्फोटानंतरही कायम राहतो व मुलींच्या बाबतीत तो विवाहापर्यंत असतो, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १९९७ मध्ये दिला होता.

तिसरी गोष्ट आईची. एकाच आदेशात पत्नीची व मुलांची रक्कम वेगवेगळी नमूद असेल, तर मूल सज्ञान झाल्याने केवळ त्याचा हिस्सा थांबतो. पत्नीची पोटगी त्यामुळे बंद होत नाही.

बंद करण्याचा मार्ग

पोटगी बंद करणे ही पित्याने परस्पर ठरविण्याची बाब नव्हे. आदेशात ‘सज्ञान होईपर्यंत’ अशी मुदत असेल, तर त्या दिवशी त्या मुलाची रक्कम संपते. मुदत नमूद नसेल, त्याबाबत वाद असेल किंवा मूल कमावते झाले असेल, तर परिस्थिती बदलल्याचा पुरावा देऊन संहितेच्या कलम १४६ खाली आदेशात बदल मागता येतो. पित्याचा हा हक्क रास्त आहे. त्याचा वापर मात्र न्यायालयातच व्हावयास हवा. नोकरदाराच्या वेतनातून न्यायालयाच्या आदेशाने कपात होत असल्यास, केवळ कर्मचाऱ्याच्या अर्जावरून कार्यालयाने ती थांबवू नये. प्रथम मूळ आदेश वाचावा.

सज्ञान होण्यापूर्वीची थकबाकी मुलाच्या वाढदिवसाने पुसली जात नाही. परंतु वसुलीचा अर्ज रक्कम देय झाल्यापासून एक वर्षाच्या आत करावा लागतो. ही मुदत चुकल्याने अनेक स्त्रियांचे नुकसान होते. रक्कम न भरल्यास प्रत्येक महिन्याच्या थकबाकीसाठी एक महिन्यापर्यंत कारावास होऊ शकतो आणि कारावास भोगल्याने देणे फिटत नाही.

गावपातळीवरील जबाबदारी

अशा प्रकरणांत जन्मतारखेला मोठे महत्त्व येते. अनेक मुलांचा जन्म कारखान्याच्या परिसरातील कोपीवर होतो आणि जन्माची नोंद जेथे जन्म झाला तेथेच व्हावयाची असल्याने ती राहून जाते. पुढे शाळेत १ जून ही अंदाजाची तारीख पडते. चार-सहा महिन्यांच्या फरकाने तेवढ्या महिन्यांची पोटगी जाते. यासाठी शिक्षकांनी दाखल करतानाच जन्मनोंदीची विचारणा करावी आणि नोंद नसल्यास ग्रामसेवकांनी विलंबित नोंदणीचा मार्ग दाखवावा.

गावात बसून मुद्रांक कागदावर ‘एकरकमी घेतले, पुढे काही मागणार नाही’ असे लिहून घेण्याची प्रथा आहे. आईला स्वतःच्या सहीने मुलाचा हक्क सोडून देता येत नाही, हे पंचायत सदस्यांनी अशा बैठकीत स्पष्ट सांगावे. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ अन्वये स्त्रिया, मुले व अपंग व्यक्ती यांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळू शकतो. त्यासाठी तालुका न्यायालयातील विधी सेवा समितीकडे अथवा बीड येथील जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करता येतो.

अठरावे वर्ष हे कायद्याने आखलेली एक रेषा आहे. ती ओलांडणारा मुलगा आहे की अविवाहित मुलगी, सुदृढ आहे की अपंग, आणि मूळ आदेशात काय लिहिले आहे, या तीन गोष्टी पाहिल्यावाचून ‘पोटगी संपली’ असे कोणी सांगू नये. टोळी गाव सोडून निघण्यापूर्वी एवढी कागदपत्रे तपासली गेली, तर एखाद्या मुलीची बारावीपुढची वाट खुली राहू शकेल.