होमस्कूलिंग : पुस्तकं फुकट मिळतात, मग खर्च नेमका कशाचा?

होमस्कूलिंग म्हटलं की मोठ्या शहरातलं घर, लॅपटॉप आणि महागडे कोर्स डोळ्यांसमोर येतात. पण समजा, भंडारा जिल्ह्यात, पवनी तालुक्यातल्या आसगावात कुणाला मुलांना घरीच शिकवायचं असेल तर? साहित्यासाठी फार पैसे लागत नाहीत. खरी अडचण वेगळीच आहे.

पुस्तकं कुठून आणायची?

बालभारतीची पाठ्यपुस्तकं वेबसाइटवरून पीडीएफ स्वरूपात मोफत डाऊनलोड करता येतात. पुस्तकातला क्यूआर कोड दीक्षा ॲपवर स्कॅन केला की त्या धड्याचे व्हिडिओ आणि सराव मिळतो. अरविंद गुप्ता यांच्या संकेतस्थळावर टाकाऊ वस्तूंपासून विज्ञानाची खेळणी बनवायची कृती आहे, तीही फुकट.

प्रयोग कसे करायचे?

काडेपेटीच्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबचे तुकडे घ्या. काड्या जोडून एक चौकोन आणि एक त्रिकोण करा. दाबल्यावर चौकोन तिरपा होतो, त्रिकोण हलत नाही. छपराच्या कैचीत त्रिकोण का असतात, हे मुलाला वेगळं सांगावं लागत नाही.

गणितासाठी धानाची बांधी आहेच. बांधी 60 फूट लांब आणि 40 फूट रुंद असेल, तर क्षेत्रफळ 2,400 चौरस फूट. एकर म्हणजे 43,560 चौरस फूट. मग एका एकरात अशा बांध्या किती? साधारण 18. इतिहासासाठी पवनीला जा. तिथल्या जगन्नाथ टेकडीवर 1969-70 च्या उत्खननात प्राचीन बौद्ध स्तूप सापडला.

कायदा काय म्हणतो?

2009 च्या शिक्षण हक्क कायद्यानुसार 6 ते 14 वयाच्या मुलांना शाळेत घालणं हे पालकांचं कर्तव्य आहे, पण न घातल्यास पालकांना शिक्षेची तरतूद त्यात नाही. होमस्कूलिंगचा वेगळा उल्लेखही नाही. मूल पुन्हा शाळेत जायचं म्हणालं, तर कलम 4 नुसार त्याला वयानुरूप वर्गात प्रवेश मिळतो.

आणि सर्टिफिकेट?

राज्याच्या मुक्त विद्यालय मंडळातून पाचवी, आठवी, दहावी आणि बारावीची परीक्षा देता येते. केंद्राच्या एनआयओएसमधून 14 वर्षं पूर्ण झाल्यावर दहावीला बसता येतं.

हा कागद हलक्यात घेऊ नका. मुंबईच्या मालविका जोशीने सातवीनंतर शाळा सोडली, प्रोग्रॅमिंगच्या आंतरराष्ट्रीय ऑलिम्पियाडमध्ये तीन पदकं मिळवली आणि 2016 मध्ये अमेरिकेतल्या एमआयटीत प्रवेश घेतला. पण बारावीचं प्रमाणपत्र नसल्याने आयआयटीची दारं तिच्यासाठी बंद होती.

मग खर्च कशाचा?

वेळेचा. रोज काही तास घरातलं एक मोठं माणूस मुलासोबत बसायला हवं. रोवणीच्या दिवसांत आईवडील दोघंही बांधीत असतील, तर शिकवणार कोण? शाळेतलं मध्यान्ह भोजन आणि सोबतीही सुटते. म्हणून ठरवण्याआधी पुस्तकांची यादी करू नका. आधी घरातल्या कुणाचे कोणते तास मोकळे आहेत, ते कागदावर लिहा. तो कागद कोराच राहिला, तर मुलाला शाळेतच राहू द्या. काड्यांचे त्रिकोण आणि बांधीचं गणित रविवारीही करता येतं.