आठ आणे ते बारा कोटी

२०१४ च्या मार्चमध्ये चीनच्या झेजियांग प्रांतात पाळीव प्राण्यांचं एक उंची प्रदर्शन भरलं होतं. तिथे तिबेटी मॅस्टिफ जातीचं, सोनेरी आयाळीचं, वर्षभराचं एक पिल्लू विकलं गेलं. पिल्लू म्हणायचं आपलं. उंची ८० सेंटिमीटर आणि वजन ९० किलो! विकणाऱ्याने वर्तमानपत्रांना किंमत सांगितली ती १ कोटी २० लाख युआन. तेव्हाच्या भावाने जवळजवळ बारा कोटी रुपये. घेणारा बांधकाम व्यवसायातला धनिक होता, आणि विकणाऱ्याचा दावा होता की या कुत्र्याच्या अंगात सिंहाचं रक्त आहे.

कुत्रा आणि सिंह यांचा संकर होत नाही, हे शाळकरी पोरही सांगेल. पण त्या काळात चीनमध्ये मॅस्टिफ आणि सिंह यांच्यातली सीमारेषा जरा पुसटच झाली होती. आदल्याच वर्षी हेनान प्रांतातल्या लुओहे गावच्या प्राणिसंग्रहालयात एक आई आपल्या सहा वर्षांच्या मुलाला घेऊन गेली. कोणता प्राणी कसा ओरडतो ते मुलाला शिकवावं, एवढाच हेतू. ‘आफ्रिकन सिंह’ अशी पाटी असलेल्या पिंजऱ्यापाशी दोघं आली, आणि सिंह चक्क भुंकला. आत तिबेटी मॅस्टिफ होता. खरा सिंह प्रजननासाठी दुसरीकडे पाठवलाय, हा कुत्रा आमच्याच एका कर्मचाऱ्याचा आहे, असा खुलासा नंतर झाला.

आता या गोष्टीचा उत्तरार्ध. चीनमध्ये भ्रष्टाचारविरोधी मोहिमेने जोर धरला, श्रीमंतीचं उघड प्रदर्शन अंगाशी येऊ लागलं, शिवाय पैदास करणाऱ्यांनी हौसेपायी इतकी पिल्लं काढली होती की बाजारात त्यांना कुणी विचारेना. २०१५ मध्ये बीजिंगच्या प्राणिप्रेमींनी कत्तलखान्याकडे निघालेला एक ट्रक अडवला. त्यात इतर कुत्र्यांबरोबर वीसहून जास्त तिबेटी मॅस्टिफ कोंबलेले होते. त्यांना तिथे मिळणारा भाव डोक्यामागे साधारण पाच डॉलर होता.

तीच जात, तेच दात, तोच गुरगुराट. दोन वर्षांच्या आत एखाद्या जिवंत प्राण्याचा भाव कोटींवरून शेकड्यांवर येतो, तेव्हा इतके दिवस लोक पैसे नेमके कशाचे मोजत होते?

याचं उत्तर शोधायला व्हिक्टोरिया राणीच्या इंग्लंडमध्ये जावं लागतं. १८५९ च्या जूनमध्ये न्यूकॅसल गावी कुत्र्यांचं एक प्रदर्शन भरलं. आधुनिक श्वानप्रदर्शनांची सुरुवात इथून मोजतात. त्यात पॉइंटर आणि सेटर या दोनच शिकारी जाती होत्या, आणि विजेत्यांना बक्षीस म्हणून बंदुका दिल्या. म्हणजे तोपर्यंत कुत्र्याची जात म्हणजे त्याचं काम होतं. मेंढ्या वळणारा, सावज दाखवणारा, बिळात घुसणारा. प्रदर्शन आलं आणि कुत्रा पहिल्यांदा नुसता उभा राहून जिंकू लागला.

पुढच्याच वर्षी, १८६० मध्ये, मेरी टील्बी नावाच्या बाईंनी लंडनच्या हॉलोवे भागात बेवारस आणि उपाशी कुत्र्यांसाठी निवारा काढला. लोकांनी टिंगल केली. भुकेली माणसं रस्त्यावर असताना कुत्र्यांची कसली घरं काढता, हा प्रश्न तेव्हाही होता आणि आजही कुणीतरी विचारतंच. हाच निवारा पुढे बॅटरसीला हलला आणि जगप्रसिद्ध झाला. १८६२ मध्ये चार्ल्स डिकन्सच्या साप्ताहिकात एक लेख आला. जॉन हॉलिंग्सहेडने तो लिहिला असावा असं मानतात. लेखात एकाच इझलिंग्टन परिसरातल्या दोन ठिकाणांची शेजारी शेजारी चित्रं आहेत: एकीकडे ऐटीत बसलेल्या खानदानी कुत्र्यांचं भव्य प्रदर्शन, दुसरीकडे मागच्या गल्लीतला हा गरिबांचा आश्रम. मला या योगायोगाचं फार नवल वाटतं. कुत्र्यांचं कुळ मोजणारी आणि अनाथ कुत्र्यांना कवेत घेणारी, अशी ही दोन्ही वेडं एकाच देशात, वर्षभराच्या अंतराने जन्मली.

१८७३ मध्ये केनेल क्लब स्थापन झाला आणि वंशावळीचा कागद आला. त्या कागदाला हसू नये. घेताना पिल्लू मूठभर असतं, सगळीच गोड दिसतात. दोन वर्षांनी ते केवढं होईल, कसं वागेल, लेकरांना सांभाळून घेईल की नाही, हे दिसत नाही. वंशावळ म्हणजे त्या भविष्याची थोडीफार हमी. या हमीला पैसे मोजणं अगदी शहाणपणाचं आहे. वेल्सच्या मेंढपाळांना विचारा. २०२१ च्या फेब्रुवारीत तिथे किम नावाची वर्षभराची बॉर्डर कोली कुत्री लिलावात २७,१०० पौंडांना गेली. ती शिकवून तयार केलेली होती. शिट्टीच्या इशाऱ्यावर डोंगरातला कळप गोळा करणारा असा कुत्रा म्हणजे काही गड्यांची मजुरी वाचली. इथे किंमत आणि काम यांचा ताळा जमतो.

गोची होते ती दिखाव्याची किंमत सुरू झाली की. जातीची नोंदवही बंद, म्हणजे बाहेरचं रक्त नाही. त्यातही बक्षीस मिळवलेल्या मोजक्या नरांकडेच सगळ्यांची रांग. लंडनच्या इंपीरियल कॉलेजच्या संशोधकांनी २००८ मध्ये दाखवलं की ब्रिटनमध्ये साधारण दहा हजार पग असले, तरी जनुकांच्या हिशेबाने ते जेमतेम पन्नास कुत्र्यांइतके आहेत. बुलडॉगचं डोकं मोठं आणि कंबर अरुंद हवी, अशी फॅशन झाली. आता ब्रिटनमधल्या बुलडॉग आणि फ्रेंच बुलडॉगच्या दहातल्या आठहून जास्त वेतांना सिझेरियन लागतं. पिल्लाच्या किमतीत आईच्या ऑपरेशनचा खर्च धरलेला असतो. चपट्या नाकामुळे पुढे श्वासाचं ऑपरेशन करावं लागलं, तर तो खर्च घेणाऱ्याचा. एवढं असून २०२२ मध्ये फ्रेंच बुलडॉगने अमेरिकेतल्या लोकप्रियतेच्या यादीत एकतीस वर्षं पहिल्या असलेल्या लॅब्रेडॉरला मागे टाकलं. माणसाच्या हौसेला मोल नाही म्हणतात. या हौसेचं मोल कुत्रा दर श्वासाला चुकवतो.

किंमत किती हवेत असते, याचा मासला ऑस्ट्रेलियात सापडतो. १९८९ च्या सुमारास तिथल्या अंधांसाठी कुत्रे तयार करणाऱ्या संस्थेत वॉली कॉनरन नावाचे गृहस्थ होते. एका अंध बाईंना वाटाड्या कुत्रा हवा होता, पण नवऱ्याला केसांची ॲलर्जी. कॉनरननी लॅब्रेडॉर आणि पूडल यांचा संकर केला. तीन पिल्लं झाली. एक त्या बाईंच्या कामाचं निघालं. उरलेली दोन सांभाळायला घ्यायला कुणी तयार होईना, कारण ती ‘मिश्र’ होती. मग कॉनरननी पत्रकारांना सांगितलं की आम्ही ‘लॅब्राडूडल’ नावाचा खास कुत्रा तयार केलाय. फोन थांबेनात. पुढे या नावावर जगभर जो धंदा झाला, त्याचा कॉनरनना इतका पश्चात्ताप झाला की आपण एक राक्षस जन्माला घातला, असं ते उघडपणे म्हणाले. ज्याला आपण रस्त्यावर गावठी म्हणतो, त्यालाच दुकानात डिझायनर म्हणतात.

भारतातही हा खेळ जुनाच आहे. जुनागढच्या नवाबाने १९२२ मध्ये आपल्या रोशनआरा कुत्रीचं लग्न राजेशाही थाटात लावलं होतं. आणि अगदी अलीकडे, २०२५ मध्ये, बंगळुरूच्या एका गृहस्थाने लांडगा-कुत्रा पन्नास कोटींना घेतल्याचं सांगून देशभर फोटो छापून आणले. मग ईडीचे अधिकारी पैशाचा माग काढत दारात उभे राहिले आणि एवढ्या मोठ्या व्यवहाराचा काही पुरावाच नाही, अशा बातम्या आल्या. झेजियांगच्या बारा कोटींबद्दलही चीनमध्ये अशीच कुजबुज होती: पैदास करणारे आपापसात खोटे सौदे करून भाव चढवतात.

हे झालं कुत्रा घरी येण्याआधीचं. उंबरा ओलांडून तो आत आला की मात्र हिशेबाची वहीच बदलते. अमेरिकी कायद्याच्या दृष्टीने कुत्रा म्हणजे वस्तू. २००७ मध्ये भेसळीच्या खाद्याने तिथे कित्येक कुत्री-मांजरं दगावली, तेव्हा भरपाई म्हणून तशाच दुसऱ्या कुत्र्याची किंमत मिळणार, एवढाच अर्थ निघत होता. काही अर्थशास्त्रज्ञांना हे पटेना. त्यांनी अमेरिकेतल्या हजारो कुत्रेवाल्यांना एक प्रश्न विचारला. कुत्र्यांच्या फ्लूची साथ आली आहे, एक लस तुमच्या कुत्र्याचा मरणाचा धोका कमी करते. तुम्ही तिला किती पैसे द्याल?

यातली युक्ती मोठी सुंदर आहे. ‘तुमच्या लाडक्याच्या जिवाची किंमत सांगा’ असं विचारलं तर माणूस एक तर चिडेल, नाहीतर अब्ज म्हणेल. पण लसीची किंमत तो विचार करून सांगतो. समजा, धोका शंभरात दहाने कमी होतो आणि लोक त्याला सरासरी हजार डॉलर द्यायला तयार आहेत. मग अशा शंभर मालकांनी मिळून एक लाख डॉलर दिले आणि दहा कुत्री वाचवली. एका जिवामागे दहा हजार. अभ्यासाचा निष्कर्षही तोच, साधारण दहा हजार डॉलर. माणसाच्या जिवासाठी याच पद्धतीने काढलेला आकडा अमेरिकी सरकार त्या सुमारास एक कोटी डॉलरच्या आसपास धरत होतं. म्हणजे माणसाच्या आकड्याचा हजारावा भाग. कुणाला हे फार वाटेल, कुणाला फारच कमी. मला वाटतं त्यातली गंमत वेगळी आहे: ज्या कुत्र्याला बाजारात शंभर डॉलर मिळणार नाहीत, त्याचाही हा आकडा काढताना समावेश आहे, आणि वंशावळीच्या कागदाचा वेगळा भाव त्यात लावलेला नाही.

काहींचा आकडा याच्याही पलीकडे जातो. गायिका बार्ब्रा स्ट्रायसँडने आपल्या मेलेल्या कुत्रीच्या पेशींपासून दोन क्लोन करून घेतले. टेक्सासची कंपनी या कामाचे पन्नास हजार डॉलर घेते. क्लोनच्या अंगी मूळ कुत्रीचा स्वभाव नव्हता, हे स्ट्रायसँडनेच सांगून टाकलं. २००५ मध्ये दक्षिण कोरियात पहिला क्लोन कुत्रा झाला, त्यासाठी १२३ कुत्र्यांच्या गर्भाशयात हजारावर भ्रूण ठेवले होते, आणि जगला एक. गायिका लेडी गागाचे दोन फ्रेंच बुलडॉग २०२१ मध्ये बंदुकीच्या जोरावर चोरले गेले, तेव्हा तिने पाच लाख डॉलरचं इनाम लावलं. ते परत आणून देणारी बाई चोरीचा माल घेतल्याच्या आरोपात सापडली, आणि तरीही इनामासाठी कोर्टात गेली. कोर्टाने नाही म्हटलं.

आणि निवाऱ्यातला कुत्रा? त्याच्यासाठी आपण देतो ती रक्कम किंमत नसतेच. लसी, नसबंदी, जखमांवरचे उपचार यांवर संस्थेने केलेला खर्च तिच्यातून क्वचितच भरून येतो. आपल्याकडे तर तो बहुतेक वेळा फुकटच दत्तक मिळतो. फक्त फॉर्म भरा, घर दाखवा, गच्चीला जाळी आहे का ते सांगा. पण फुकट कुत्र्यामागेही माणसं काय काय खर्च करतात! आपल्या शहरांतल्या रस्त्यांवरची जखमी कुत्री बरी करून विमानाने कॅनडा-अमेरिकेतल्या घरी पाठवली गेली आहेत. भाडं, पिंजरा, रेबीजच्या तपासण्या मिळून तिथल्या खानदानी पिल्लाइतका खर्च सहज येतो. रेबीजच्या भीतीने अमेरिकेने २०२१ मध्ये आणि कॅनडाने २०२२ मध्ये भारतासारख्या देशांतून येणाऱ्या कुत्र्यांवर कडक निर्बंध घातले, तेव्हा हा रस्ता अरुंद झाला.

रस्त्यावरच्या कुत्र्याला सरकारी भाव मिळाल्याची एक नोंद मुंबईच्या इतिहासात आहे, आणि तो भाव त्याला मारण्याचा होता. १८३२ मध्ये कंपनी सरकारने बेवारस कुत्री मारायचा हुकूम काढला आणि शिपायांना कुत्र्यामागे आठ आणे इनाम ठेवलं. आठ आण्यांच्या लोभाने शिपाई पाळलेली कुत्रीसुद्धा ओढून नेऊ लागले, अशी ओरड झाली. पारशी धर्मात कुत्र्याला मोठा मान. ६ जूनला, त्यांच्या पवित्र दिवशी, शिपाई हातात सोटे घेऊन फिरताना दिसले आणि दंगल पेटली. दुसऱ्या दिवशी दुकानं बंद. हिंदू आणि जैनही सामील झाले, लष्कराकडे जाणारी रसद अडवली गेली, शेवटी सैन्य आणावं लागलं. धरपकड झाली खरी. पण पुढे दोनच वर्षांत, १८३४ मध्ये, जमशेटजी जीजीभॉय यांनी जैन व्यापाऱ्यांच्या साथीने पांजरपोळ काढला, तो या कुत्र्यांसारख्या बेवारस जनावरांसाठी. भुलेश्वरला आजही लोक तिथे गाईला चारा घालायला जातात. मूळ कारण कुत्री होती हे त्यातल्या किती जणांना ठाऊक असेल?

नंतर कायद्यानेही भाव ठरवला. १८६० च्या भारतीय दंडसंहितेचं कलम ४२८ म्हणत होतं की जनावर मारलं किंवा जायबंदी केलं तर शिक्षा, पण ते जनावर किमान दहा रुपये किमतीचं हवं. कलम ४२९ मध्ये शिक्षा जास्त होती. तिथे हत्ती, घोडा, गाय यांना किमतीची अट नव्हती. कुत्र्यासारख्या इतर प्राण्याची किंमत मात्र पन्नास रुपये तरी असावी लागे. एकशे चौसष्ट वर्षं हे आकडे पुस्तकात तसेच राहिले. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२५ मध्ये ‘कोणताही प्राणी’ एवढंच म्हटलं आहे. किमतीची अट त्यात नाही, आणि शिक्षा पाच वर्षांपर्यंत आहे.