फाळक्यापुढची घोडी

लग्नसराईत किंवा जत्रेच्या दिवसांत रस्त्याच्या कडेला एक देखावा हमखास दिसतो. टेम्पोचा फाळका पाडलेला, पुढून दोघे जण दोरी ओढताहेत, मागून एक जण काठी आपटतोय आणि घोडं चारी पाय रोवून उभं. बघणारे हसून म्हणतात, 'अडेलतट्टू!' हा शब्द मराठीने घोड्यावरूनच घेतला; पण घोड्याची बाजू काही कुणी ऐकून घेतली नाही. मी टांगेवाल्याचा मुलगा, म्हणून ती मांडावीशी वाटते.

घोड्याचे डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंना असतात. त्याला जवळजवळ चहूकडचं दिसतं. दिसत नाही ते नेमकं कपाळापुढचं आणि शेपटीमागचं थोडंसं. उन्हातून अंधारात जाताना त्याची नजर आपल्यापेक्षा सावकाश सरावते. आता ताडपत्री टाकलेला टेम्पो त्याच्या नजरेने पाहा. समोर काळोखी गुहा, पायाखाली पोकळ वाजणारी फळी, आणि पळायला वाट नाही. लांडग्या-वाघांपासून पळून जगलेली ही जात. तिने तिथे पाय रोवले तर तो अडेलपणा कसा? शिवाय दोरी ओढली की घोडं उलट मागे ओढतं, आणि त्या खेचाखेचीत माणूस कधी जिंकत नाही.

आमची हिरा ठेंगणी, तट्टूच म्हणा. १९८९ साली मी बी.ए.ला होतो. गावात रिक्षा वाढल्या होत्या, टांग्यावर घर चालेना. अब्बांनी हिराला सारंगखेड्याच्या यात्रेत विकायचं ठरवलं. तापीकाठी दत्तजयंतीला भरणारा हा घोडेबाजार तेव्हा धुळे जिल्ह्यात होता, १९९८पासून नंदुरबार जिल्ह्यात आहे.

त्याआधी एकदा तिला चौघांनी ढकलून टेम्पोत घातलं होतं. फाळक्याच्या कडेला तिचा मागचा पाय सोलवटला. अब्बांनी दोरी हाताला गुंडाळली होती, त्यांच्या तळव्याची साल निघाली. (दोरी हाताला कधी गुंडाळू नये, ती घडी घालून धरावी.) तेव्हापासून टेम्पोचा आवाज आला तरी हिराला घाम फुटे.

या वेळी अब्बांनी आठ दिवस आधी सुरुवात केली. ओळखीच्या टेम्पोवाल्याने संध्याकाळी गाडी पाटाच्या भरावाला मागून लावायची, म्हणजे फळी आणि जमीन एका पातळीत येते, चढच उरत नाही. ताडपत्री काढलेली, तोंड मावळतीकडे, म्हणजे उजेड आतपर्यंत जातो. इंजिन बंद. फळीवर गोणपाट आणि वर गव्हाचं काड, म्हणजे टाप वाजत नाही आणि घसरतही नाही.

पहिल्या दिवशी दहा पावलांवर उभं राहून नुसती चंदी चारली. दुसऱ्या दिवशी पाच पावलांवर. अब्बा तिच्या खांद्यापाशी उभे राहत, तोंडासमोर नाही. मागे कुणालाच उभं राहू देत नसत. दोरीला अगदी हलका ताण द्यायचा आणि थांबायचं. मी घाई केली की म्हणत, "उसे सोचने दे, बेटा." हिराने खूर पुढे टाकला की त्याच क्षणी दोरी ढिली. सगळी मेख इथे आहे. ताण कधी सुटतो, यावरून घोडं शिकतं. पाऊल टाकल्यावरही आपण ओढतच राहिलो, तर पाऊल टाकून काय मिळालं, असं त्याला वाटणारच.

तिसऱ्या दिवशी तिने पुढचे दोन्ही पाय आत ठेवले. अब्बांनी तिला लगेच मागे घेतलं. मी वैतागलो, "चढत होती ना, मग उतरवलीत कशाला?" म्हणाले, "उतरताही येतं, हे तिला कळू दे." सहाव्या दिवशी ती आपणहून आत जाऊन तोबऱ्यात तोंड घालू लागली. हे सगळं तिला विकायला नेण्यासाठी चाललंय, हे मला टोचत होतं. अब्बा त्यावर काही बोलले नाहीत.

घोडं आत गेल्यावर आधी मागचा दांडा लावायचा, मगच डोकं बांधायचं. उलट केलं, तर घोडं मागे सरतं, दोरीचा हिसका बसतो आणि ते बिथरतं. जनावरांच्या वाहतुकीचे १९७८चे नियम सांगतात, की दोन घोड्यांमध्ये निदान ८ सेंटिमीटर जाडीचा बांबू हवा आणि तोंडं डावीकडे, येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्यांपासून दूर हवीत. अब्बांनी नियम वाचले नव्हते, पण हिराला त्यांनी तसंच उभं केलं. ड्रायव्हरला बजावलं, ब्रेक हळू दाब, तिला चार पायांवर तोल सांभाळायचाय.

यात्रेत तिसऱ्या दिवशी गिऱ्हाईक मिळालं. त्यांचा ट्रक उभा होता, माणसं घाईत होती, एकाच्या हातात काठी. अब्बांनी पैसे मोजून घेतले आणि अर्धा तास मागितला. ट्रक नदीकाठच्या उंचवट्याला लावायला सांगितला, काड पसरलं, काठीवाल्याला बाजूला केलं. पंधरा मिनिटांत हिरा चढली. मग अब्बांनी आमचा जुना तोबरा नव्या मालकाच्या हातात दिला. "हा तिच्या ओळखीचा आहे," ते म्हणाले. "तिकडे उतरवलं की आधी हाच बांधा."