बटाटे सोलताना सुचलेलं गाणं

रॉक संगीत म्हणजे नुसता धांगडधिंगा, असं आपल्याला वाटतं ना? पण अमेरिकेतल्या पॅटी स्मिथची हकिगत ऐका. १९७५ साली 'हॉर्सेस' या पहिल्याच तबकडीने तिचं नाव झालं. १९८० मध्ये गिटारवादक फ्रेड स्मिथशी लग्न करून ती डेट्रॉइटजवळ संसाराला लागली आणि रंगमंच सुटला. पुढे दोन मुलं झाली. आता कसली गाणी न् कसलं काय, असंच कुणालाही वाटलं असतं!

पण ही बाई पहाटे पाचला उठायची आणि मुलं जागी होईपर्यंत लिहीत बसायची. एकदा ती बटाटे सोलत होती. नवरा स्वयंपाकघरात आला आणि त्याने गाण्याची कल्पना सुचवली. १९८८ चं 'पीपल हॅव द पॉवर' हे गाजलेलं गाणं ते हेच!

१९९४ च्या अखेरीस नवरा गेला, महिन्याभरात पाठचा भाऊही गेला. मुलं अजून लहान. ती खचली, पण पुन्हा गायला उभी राहिली. १९९६ मध्ये 'गॉन अगेन' ही तबकडी आली. २०१० साली 'जस्ट किड्स' या तिच्या आठवणींच्या पुस्तकाला नॅशनल बुक अवॉर्ड मिळालं.

सुटलेला रियाझ संपलेला नसतो, मैत्रिणींनो. पहाट नाही जमली तर दुपारचा अर्धा तास काढा. माळ्यावरची पेटी एकदा खाली घ्या, पाहू!